इजेचं कारण : गरम पातेलं

माणसाच्या देहाला जे जे म्हणून काही होऊ शकतं, ते सगळं एका ग्रंथात नोंदवून ठेवलेलं आहे आणि प्रत्येक दुखण्याला तिथे स्वतःचा असा एक क्रमांक आहे. हा ग्रंथ इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात, पश्चिमेकडची खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्या फटीत खुपसून ठेवलेला होता.

सगळं कॉम्प्युटरवर आल्यापासून ग्रंथाची गरज दोघांनाच उरली होती. एक ती खिडकी आणि दुसरे आकडेबुवा.

आकडेबुवा हे नाव त्यांना विभागातल्या लोकांनी ठेवलेलं होतं. प्रेमाने, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. बावीस वर्षं ते मेडिकल कोडर होते. म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यांच्या सासूबाईंना बावीस वर्षांत समजलं नव्हतं आणि त्यांनी तसं कधी लपवलंही नव्हतं. खरं तर काम सोपं होतं. डॉक्टरांनी पेशंटच्या फायलीत जे लिहिलंय ते वाचायचं आणि आजाराला, इजेला, ती कशामुळे झाली आणि कुठे झाली त्या सगळ्याला ग्रंथातला क्रमांक द्यायचा. शिडीवरून पडला तर एक क्रमांक, पलंगावरून पडला तर दुसरा. कुत्रा चावला तर वेगळा, माणूस चावला तर वेगळा. आकडेबुवांना हे सगळे पाठ होते. लग्नाच्या वाढदिवसाची त्यांना बायको आठवण करून द्यायची.

या धंद्यात एकच धर्म आहे : जे लिहिलेलं नाही, ते झालेलं नाही. डॉक्टरांनी दहा टाके घातले आणि नऊ लिहिले, तर टाके नऊ. कोडरने स्वतःचे डोळे वापरायचे नाहीत. पेशंट समोर लंगडत गेला आणि कागदावर त्याचे दोन्ही पाय धड असले, तर ते धड. आकडेबुवांनी हे किमान चाळीस शिकाऊ कोडरांना शिकवलं होतं. आणि इतकी वर्षं एकच गोष्ट शिकवल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचंही झालं होतं. जे लिहिलंय ते झालंच, असंही त्यांना हळूहळू वाटायला लागलं होतं.

प्रत्येक कोडरचा एक आवडता क्रमांक असतो, जो कधी वाट्याला येत नाही. आकडेबुवांचा होता डब्ल्यू त्र्याण्णव : माणसाने बनवलेल्या अतिथंड वस्तूशी संपर्क. ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तिथे नावानिशी उल्लेख आहे. बावीस वर्षांत ड्राय आइसने कुणालाही काहीही केलं नव्हतं. कुणाचं वाईट व्हावं अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती; पण होणारच असेल तर ते आपल्या टेबलावर यावं, एवढंच त्यांना वाटे. पुढे या वाटण्याचीही त्यांना लाज वाटली, पण ते पुढे.

झालं असं, की विभागप्रमुख बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी आकडेबुवांची मुलाखत दोन आठवड्यांवर होती. निरोप समारंभ आपल्या हातून झकास व्हावा, असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं. टेबलाखालून पांढरं धुकं वाहतंय आणि बाई त्यातून चालत येताहेत, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये रोज बाहेरगावाहून थर्माकोलच्या खोक्यांत नमुने यायचे, ड्राय आइसमध्ये ठेवलेले. टेक्निशियन म्हणाला, न्या की, आम्ही तसाही तो हवेत उडू देतो. आकडेबुवांनी एक खोकं वर आणलं.

त्यांची बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिने तीन गोष्टी सांगितल्या होत्या : खिडक्या उघड्या ठेव, झाकणबंद डब्यात घालू नकोस, उघडा हात लावू नकोस आणि लावू देऊ नकोस. आकडेबुवांनी तिन्ही पाळल्या. वर स्वतःच्या चार घालून सात केल्या आणि विभागातल्या सगळ्यांना ई-मेल पाठवला. विषय : ड्राय आइस हाताळणीबाबत सूचना. उघड्या हाताने स्पर्श करू नये, हा मुद्दा तिसरा आणि ठळक अक्षरांत. मेल अठरा जणांना गेला. दोघांनी 'नोंद घेतली' असं उलट कळवलं आणि एकाने खायला काय आहे ते विचारलं.

समारंभ झकास झाला. टेबलाखाली ठेवलेल्या पाण्याच्या टपांमधून धुकं वाहिलं, गुडघ्यांपर्यंत आलं. विभागप्रमुख बाई त्यातून चालत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी निवृत्त होतेय. वर नाही चाललेय." सगळे हसले. आकडेबुवांच्या पाठीवर बऱ्याच थापा पडल्या.

दोन तुकडे उरले, साबणाच्या वडीएवढे. आकडेबुवांनी ते चिमट्याने उचलून पँट्रीतल्या सिंकमध्ये, स्टीलच्या परातीत ठेवले. संध्याकाळपर्यंत आपोआप उडून गेले असते. कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता, कारण तसं लिहिलेलं होतं.

पँट्री आणि पॅसेज झाडूनपुसून ठेवणाऱ्या मावशी विभागात अकरा वर्षं होत्या. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना मावशीच म्हणायची. मावशींना ई-मेल नव्हता. त्यांना ई-मेल नाही हे आकडेबुवांना माहीत नव्हतं असंही नाही. तो विचारच त्यांच्या मनात आला नाही, एवढंच.

चारच्या सुमारास आकडेबुवा समारंभाचे फोटो निवडत बसले होते. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने मनगटाशी धरला होता, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हे सोडत नाहीये."

भांडी घासता घासता ओल्या हाताने त्यांनी परातीतला बर्फ टाकून द्यायला उचलला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं त्या तुकड्याला चिकटली होती. आकडेबुवांनी चिमटा आणला, मग चिमटा टाकून नॅपकिन आणला, आणि शेवटी तुकडा सुटला तेव्हा थोडी कातडीही त्याच्याबरोबर गेली. बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. मावशी म्हणाल्या, दुखत नाहीये. तेच वाईट असतं, हे आकडेबुवांना माहीत होतं. कोमट पाणी लागतं, हेही माहीत होतं. पँट्रीच्या नळाला फक्त गार पाणी यायचं. खाली अपघात विभागात सगळी सोय आहे, असं म्हणत ते त्यांना लिफ्टने घेऊन गेले.

अपघात विभागाच्या खिडकीवर बसलेला कारकून वर न बघता विचारायचा. काय झालं, कशाने झालं, कुठे झालं. हे तीन रकाने आयुष्यभर आकडेबुवांचं पोट भरत आले होते. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी त्यांना थर्माकोलचं ते खोकं आठवलं, जे लॅबमधून कुठल्याही कागदाशिवाय वर आलं होतं, आणि मग मुलाखत आठवली, आणि मग त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. तोंड उघडंच होतं. त्यातून काही आलं नाही.

"भाजलं," मावशी म्हणाल्या. "घरी. गरम पातेल्याला हात लागला."

कारकुनाने लिहून घेतलं. पेशंटचं म्हणणं पेशंटच्याच शब्दांत लिहावं, असा नियम आहे. आकडेबुवांना त्या वेळी हा नियम आठवला आणि त्यांना बरं वाटलं. नंतर त्यांना सगळ्यात जास्त खुपलं ते हे बरं वाटणं.

ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती. तिने बोटं उलटसुलट करून पाहिली, जरा थबकली, कागद पाहिला, पुन्हा बोटं पाहिली. मग भाजल्यावर जे करायचं असतं ते तिने केलं. हात गार पाण्याच्या नळाखाली धरायला लावला. वीस मिनिटं.

मावशी म्हणाल्या, "गार लागतंय हो बाई."

डॉक्टर म्हणाली, लागणारच, त्यानेच आराम पडेल.

आकडेबुवा भिंतीवरचं घड्याळ बघत उभे होते. चौथ्या मिनिटाला त्यांच्याने राहवेना. कोमट पाणी चालणार नाही का, असं त्यांनी विचारलं.

"तुम्ही कोण?" डॉक्टरने विचारलं.

"मी रेकॉर्ड विभागात असतो."

"मग रेकॉर्ड सांभाळा."

त्यांनी ते सांभाळलं. आणखी सोळा मिनिटं ते तिथेच उभे राहिले. नळ जोरात सोडलेला होता, आणि मावशी मधूनमधून त्यांच्याकडे बघून हसत होत्या. साहेबांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

फायलींचं वाटप कॉम्प्युटर करतो. हातापायांच्या इजा, टेबल क्रमांक चार. टेबल क्रमांक चार आकडेबुवांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मावशींची फाइल त्यांच्या पडद्यावर आली. उजव्या हाताची तीन बोटं, भाजणे. कारण : गरम पातेलं, रुग्णाच्या सांगण्यानुसार. ठिकाण : घर. स्कॅन केलेल्या कागदावर निदानाच्या पुढे डॉक्टरने पेनाने एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

डब्ल्यू त्र्याण्णव आला होता. बावीस वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्याच पँट्रीतून. आणि तो लावता येत नव्हता, कारण कागदावर पातेलं होतं.

कोडरला शंका आली तर डॉक्टरला लेखी क्वेरी पाठवता येते. क्वेरीत उत्तर सुचवायचं मात्र नाही. डॉक्टरच्या तोंडात घास भरवायचा नाही, असं आकडेबुवा शिकाऊंना सांगायचे. त्यांनी अत्यंत निर्मळ अशी क्वेरी लिहिली : निदानापुढील प्रश्नचिन्हाचा खुलासा व्हावा. तासाभराने उत्तर आलं. रुग्णाने सांगितले तसे लिहिले आहे. त्यांनी दुसरी पाठवली. इजेचं स्वरूप उष्णतेच्या इजेशी जुळतं का? पर्याय : होय, नाही, सांगता येत नाही. डॉक्टरने तिसऱ्यावर खूण केली.

म्हणजे सगळं नियमाने झालं होतं. शंका विचारलेली, उत्तर आलेलं, दोन्ही नोंदवलेलं. इतक्या व्यवस्थित कागदांच्या खाली खोटं इतक्या आरामात झोपू शकतं, हे त्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. त्यांनी एक्स पंधरा लावला, घरातलं तापलेलं भांडं, आणि पुढे ठिकाण म्हणून घराचा क्रमांक. पडद्यावर हिरवी खूण उमटली. शेजारच्या टेबलावरची धाकटी कोडर म्हणाली, काका, चेहरा असा का केलाय, ऑडिट आहे का? त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं. पित्ताचाही क्रमांक त्यांना माहीत होता.

संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. नळाचा भाग त्यांनी गाळायचा प्रयत्न केला, पण तिने नेमकं तेच विचारलं.

"पाणी कसलं वापरलं?"

"गार."

"आणि तू कुठे होतास?"

"तिथेच."

ती बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "घरात तू गप्प बसावास म्हणून मी काय काय करून पाहिलं. आणि बसलास तर कुठे बसलास." आणि तिने पुढचं ताट उचललं. ती आणखी बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पण बरं वाटून घेण्याचा आपला कोटा संपलाय, हेही त्यांना कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मावशी विभागात आल्या. हाताला बोचकं बांधल्यासारखं बँडेज. टेबल क्रमांक चारशी येऊन त्यांनी डाव्या हाताने एक कोरा कागद पुढे ठेवला.

"साहेब, रजेचा अर्ज लिहायचाय. मला काही पेन धरवत नाही. तुमचं अक्षर चांगलंय."

डॉक्टरने बारा दिवस विश्रांती सांगितली होती. आकडेबुवांनी पेन उघडलं. मावशी सांगू लागल्या, अर्ज कसा लिहितात ते त्यांना माहीत होतं : घरी स्वयंपाक करताना गरम पातेल्याने भाजल्यामुळे माझ्या शिल्लक रजेतून बारा दिवस मिळावेत.

"शिल्लक किती आहे?" आकडेबुवांनी विचारलं.

"चौदा. लेकीसाठी ठेवलीय. पुढच्या महिन्यात दिवस भरताहेत तिचे. पहिलंच आहे. सासू नाही तिला, काही नाही, तिचं करायला मीच जाणार होते." मग जणू समोरच्यालाच समजावत त्या म्हणाल्या, "दोन उरतात ना. जायला एक, यायला एक. तोंड बघून येईन बाळाचं."

कामावर इजा झाली असेल तर विश्रांतीचे दिवस विशेष रजेत धरतात. शिल्लक रजेला हात लागत नाही. हे मावशींना माहीत नव्हतं. आकडेबुवांना परिपत्रकाच्या तारखेसकट माहीत होतं.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही पातेलं का सांगितलंत?"

मावशींनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आधी वाटलं, ते काहीतरी तपासायला आणलेलं असणार आणि माझ्या हातून वाया गेलं. आणि तुम्ही तर काही बोलेनात. मला वाटलं, साहेबांची वाचाच गेलीय. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं ना? तो खिडकीवरचा खोळंबला होता."

आकडेबुवांनी 'गरम पा' एवढं लिहिलं होतं. तिथून पुढे त्यांचं पेन जाईना. बावीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो खोट्या-खऱ्या गोष्टींना क्रमांक दिले होते, पण स्वतःच्या अक्षरात खोटं लिहायची वेळ ही पहिलीच. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि मावशींना खुर्चीवर बसवून खाली गेले.

डॉक्टर जेवत होती. आकडेबुवा उभ्या उभ्या, एका दमात, जसं घडलं तसं बोलले : खोकं, परात, ई-मेल, खिडकी, पंखा. डॉक्टरने डबा बाजूला सारला.

"मी हात नळाखाली धरायला लावला, तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"वीस मिनिटं."

"मी चौथ्या मिनिटाला विचारलं होतं," आकडेबुवा म्हणाले, आणि म्हणताक्षणीच ते वाक्य त्यांना परत गिळावंसं वाटलं.

त्या वीस मिनिटांनी काय फरक पडला, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाली, पडला असेलच असं सांगता येत नाही आणि नसेल असंही सांगता येत नाही. या वेळी ते तिने पर्यायावर खूण करून नव्हे, त्यांच्याकडे बघून सांगितलं. मग तिने फाइल मागवली आणि पुरवणी नोंद लिहायला घेतली. शंका तिलाही होती, ती म्हणाली. भाजलेलं असं दिसत नाही. पण समोरची बाई स्वतःच्या तोंडाने पातेलं म्हणतेय, तिच्यासोबतचा माणूस मान डोलावतोय, बाहेर बाकावर आणखी अकरा जण.

"मी मान नव्हती डोलावली."

"मग काय केलंत?"

त्यांनी काय केलं होतं, याला क्रमांक नव्हता.

पुरवणी नोंदीत माहिती देणाऱ्याचं नाव आणि रुग्णाशी नातं लिहावं लागतं. नाव लिहून झालं. नातं काय लिहू, असं डॉक्टरने विचारलं. आकडेबुवांनी जरा विचार केला.

"ज्याच्यामुळे झालं, तो."

डॉक्टरने 'सहकारी' असं लिहिलं.

पुढचं सगळं रीतसर झालं, म्हणजे सावकाश. नोंद बदलली : थंडीमुळे झालेली इजा, कारण ड्राय आइस, ठिकाण कामाची जागा. ज्या फायलीत कोडर स्वतःच गुंतलेला आहे ती त्याने कोड करायची नाही, असा नियम असल्याने फाइल टेबल क्रमांक पाचवर, धाकट्या कोडरकडे गेली. ती दोन वर्षांची होती, म्हणजे नोकरीत. साडेअकराच्या सुमारास तिने खुर्ची गर्रकन वळवली.

"काका, मला डब्ल्यू त्र्याण्णव आलाय. खराखुरा."

मग तिने पेशंटचं नाव वाचलं, मग माहिती देणाऱ्याचं. खुर्ची हळूहळू पुन्हा भिंतीकडे वळली. दिवसभर ती त्यांच्याशी फार गोड बोलत होती. त्यांना वाटलं, हिने त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

शिव्या द्यायला कुणी तयारच नव्हतं. चौकशी समितीवर तिघे होते. आकडेबुवांनी तयारी करून घेतली होती. आपण काय केलं हे त्यांनी मुद्देसूद चार पानांत लिहून नेलं होतं. समितीने सात मुद्द्यांचा ई-मेल वाचला आणि अध्यक्षांनी तो इतरांना मोठ्याने वाचून दाखवला. इतक्या स्पष्ट सूचना आधी लेखी देणारा कर्मचारी क्वचितच पाहायला मिळतो, असं ते म्हणाले. आकडेबुवा म्हणाले, तो मेल मावशींना गेलाच नव्हता. अध्यक्ष म्हणाले, त्यांचं नाव यादीत नाही, त्यामुळे ती तुमची त्रुटी होत नाही. आकडेबुवा म्हणाले, मी खिडकीवर गप्प बसलो. अध्यक्षांनी समोरचे कागद चाळले आणि गप्प बसल्याची नोंद कुठेही नाही, असं सांगितलं. स्वतःच्या धर्माच्या तावडीत माणूस असा सापडला की त्याला कुणी सोडवू शकत नाही.

त्यांना एक मेमो मिळाला. गेट पासशिवाय थर्माकोलचं खोकं एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेल्याबद्दल.

मुलाखतही झाली. जिच्यासाठी तोंड उघडं राहिलं होतं, ती सात मिनिटं चालली, आणि विभागप्रमुखपद आकडेबुवांनाच मिळालं. वरिष्ठता यादीत दुसरं नावच नव्हतं. आधीही नव्हतं, त्यांनी ती यादी कधी पाहिली नव्हती.

आस्थापना विभागाने मावशींचे बारा दिवस विशेष रजेत धरले. शिल्लक रजा शाबूत राहिली. मावशी लेकीकडे गेल्या, चौदाच्या चौदा दिवसांची रजा घेऊन राहिल्या आणि परत आल्यावर सगळ्यांना मोबाइलमधला फोटो दाखवत फिरल्या. नात झाली होती. आकडेबुवांच्या, म्हणजे आता विभागप्रमुखांच्या टेबलाशीही त्या आल्या. त्यांनी फोटो पाहिला, छान आहे म्हणाले, आणि मग मावशींच्या हाताकडे पाहिलं. नवी कातडी आली होती, गुलाबी आणि जरा चकचकीत.

"बरा आहे का आता?"

"बरा आहे की. या एका बोटाला टोकाशी कळत नाही फक्त. गरम, गार काहीच." मावशींनी ते बोट अंगठ्याने दाबून दाखवलं. "बाळाच्या आंघोळीचं पाणी डाव्या हाताने बघायचे मी. सवय झाली दोन दिवसांत."

त्यांनी माफी मागितली. ती मागायला त्यांना सात आठवडे लागले होते आणि मनातल्या मनात त्यांनी तिची बरीच तालीम केली होती. त्यात सुरुवात, मध्य, शेवट असं सगळं होतं. प्रत्यक्षात ते म्हणाले, "मावशी, मी बोलायला पाहिजे होतं तेव्हा."

"हो, बोलायला पाहिजे होतं," मावशी म्हणाल्या.

त्या पुढे काहीतरी म्हणतील, जाऊ द्या वगैरे, म्हणून ते थांबले. मावशींनी मोबाइल पदराला पुसला, त्यांच्या टेबलावरचा रिकामा कप उचलला, डाव्या हाताने, आणि पँट्रीकडे गेल्या.

वर्षाच्या शेवटी इस्पितळाचा वार्षिक अहवाल निघाला. रेकॉर्ड विभागाच्या भागावर पहिल्यांदाच आकडेबुवांची सही होती. तक्ता क्रमांक अकरा : इजा, कारणांनुसार. छपाईला द्यायच्या आधी त्यांनी दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत तो तक्ता वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. तापलेल्या भांड्यांचे त्रेचाळीस होते, त्यांची स्वतंत्र ओळ होती. त्यांनी धाकट्या कोडरला बोलावून ड्राय आइसची ओळ कुठे आहे ते विचारलं. तिने सांगितलं, दहापेक्षा कमी पेशंट असलेली कारणं वेगळी छापत नाहीत, ती 'इतर' मध्ये जातात.

'इतर' मध्ये तीनशे एक्केचाळीस होते.